उन्हात थांबलेला मोबाइल बिघडलेला नसतो

अकोल्याचे आमचे एक परिचित सोलापुरी चादरी आणि सतरंज्या टेंपोत भरून आठवडी बाजार करतात. वडिलांच्या वेळी हाच धंदा एसटीच्या टपावर गठ्ठे टाकून चालत असे. आता टेंपो आला, गल्ल्याशेजारी क्यूआर कोडचा पुठ्ठा आला, आणि उधारीची वही जाऊन तिच्या जागी मोबाइल आला. गेल्या मे महिन्यात एका बाजारात दुपारी दोनच्या सुमारास एक शेतकरी गिऱ्हाईक तीन चादरी घेऊन उभा राहिला. घरात लग्न होते, घाई होती. त्याने कोड स्कॅन करून १,३५० रुपये पाठवले आणि आपला मोबाइल पुढे धरून म्हणाला, "पैसे गेले ना चाचा, हे पाहा."

चाचांनी आपला मोबाइल पाहिला. तो सकाळपासून टेंपोच्या डॅशबोर्डवर, काचेला लावलेल्या होल्डरमध्ये होता. येताना रस्ता दाखवत होता, शिवाय चार्जिंगला लावलेला होता. पडद्यावर फक्त एक इशारा होता की मोबाइल फार तापला आहे, थंड होऊ द्या. बाकी काही उघडेना. समोरच्याच्या मोबाइलवर पैसे गेल्याची हिरवी खूण दिसत होती. पण खोटी खूण दाखवून माल नेणाऱ्यांनी चाचांना आधी एकदा फसवलेले होते. वाद वाढला, चार लोक जमले. शेवटी त्या शेतकऱ्याने वैतागून खिशातून रोख १,३५० रुपये काढून दिले. "पैसे आले असतील तर पुढच्या बाजारी वापस करा," असे म्हणून तो निघून गेला. संध्याकाळी मोबाइल सुरू झाला तेव्हा पैसे दुपारीच आलेले दिसले. एका मालाची किंमत दोनदा घेतली गेली होती.

दुसऱ्या दिवशी चाचा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने मोबाइल हातात घेतला, उलटा केला आणि दोन मिनिटांत निदान सांगितले, "बॅटरी गेली." १,४०० रुपयांत नवी बॅटरी बसली. तिसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, तोच इशारा पुन्हा पडद्यावर आला. रागाने लाल होऊन चाचा माझ्याकडे आले.

मी मोबाइल दुरुस्त करणारा नाही. माझे आयुष्य मोटार रिवाइंडिंगमध्ये गेले. पण चाचांची हकिगत ऐकून मला आमच्या धंद्यातली एक जुनी खोड आठवली. मोटारीच्या स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. मोटारीवर भार वाढला, वाइंडिंग तापू लागले, की तो लाइन तोडतो. मोटार वाचते. पण शेतावर पाणी भरण्याच्या घाईत असलेला माणूस म्हणतो, "रिले खराब आहे, सारखा ट्रिप मारतो." मग कुणीतरी शहाणा येऊन रिलेला तारेने बायपास करतो आणि आठवड्याने जळलेली मोटार माझ्या दुकानात येते. मोटार तिच्या पोटातल्या उष्णतेने जळते, आणि जो पुर्जा ती उष्णता पाहून आधी हाक मारतो त्यालाच आपण चोर ठरवतो.

उन्हात थांबलेला मोबाइल म्हणजे ट्रिप झालेला रिले आहे. एवढे आपल्या ड्रायव्हर, फेरीवाल्या आणि दुरुस्ती करणाऱ्या बांधवांच्या ध्यानात आले तर बरेच पैसे वाचतील आणि बरीच भांडणे टळतील, असे माझे मत आहे.

आत होते काय, ते थोडक्यात पाहू. मोबाइलमधली बॅटरी लिथियम-आयन जातीची असते. १९९१ साली ही जात बाजारात आली आणि आज जगभरचे मोबाइल तिच्यावरच चालतात. तिला थंडीही फार सोसत नाही, पण उष्णता तिची खरी वैरीण. तापलेल्या बॅटरीतला द्रव विघटित होऊ लागतो, वायू तयार होतो, पोट फुगते आणि साठवण्याची ताकद कायमची घटते. ही घट नंतर मोबाइल थंड केला म्हणून भरून येत नाही. बॅटरी पूर्ण भरलेली असताना उष्णता लागली तर नुकसान आणखी जास्त. बॅटरीच्या जाणकारांचा एक ढोबळ हिशेब आहे: वर्षभर २५ अंशांत पूर्ण भरून ठेवलेल्या बॅटरीची सुमारे ८० टक्के ताकद उरते, तीच ४० अंशांत ठेवली तर सुमारे ६५ टक्के. म्हणजे भर उन्हात शंभर टक्के भरलेला मोबाइल बघून आपण खूश होतो, तेव्हाच तो जास्त झिजत असतो.

म्हणून मोबाइलच्या आत तापमान मोजणारे सेन्सर बसवलेले असतात. ठरलेल्या मर्यादेपलीकडे उष्णता गेली की मोबाइल आपणहून हात आखडता घेतो. आधी पडदा मंद होतो. चार्जिंग सावकाश होते किंवा पूर्ण थांबते. काही मोबाइल ८० टक्क्यांच्या वर भरायचेच नाकारतात. मग काम संथ होते, नेटवर्कची पकड कमी होते, कॅमेऱ्याचा फ्लॅश चालत नाही. एवढ्यानेही भागले नाही तर इशारा देऊन मोबाइल सर्व कामे बंद करतो. ही सारी लक्षणे आपल्या दुकानात "चार्जिंग पिन गेली", "बॅटरी वीक आहे", "बोर्डात शॉर्ट आहे" अशा नावांनी ओळखली जातात.

आता उष्णतेचा हिशेब. अ‍ॅपल कंपनी आपला आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस हवेत वापरावा असे सांगते. सॅमसंगची शिफारसही हीच आहे. बंद गाडीत मोबाइल ठेवू नका, हे अ‍ॅपलने स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. ३५ अंश! आमच्या अकोल्यात, चंद्रपुरात किंवा जळगावकडे मे महिन्यात सावलीतला पारा ४४-४५ वर असतो. ज्या मर्यादेत मोबाइल सुखाने चालावा, ती मर्यादा इकडे सकाळी नऊ-दहालाच ओलांडलेली असते. हा दोष कंपनीचा म्हणावा तर पूर्णपणे तसे नाही. बॅटरीचे रसायन अकोल्यासाठी वेगळे आणि लंडनसाठी वेगळे नसते. पण एवढी मोठी बाब बारीक अक्षरांच्या इंग्रजी पत्रकात दडवून ठेवणे मात्र मला पटत नाही. खोक्यावर किती मेगापिक्सेल ते बोटभर अक्षरात छापता, तिथे "उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये" एवढे एक वाक्य मराठीत छापायला काय हरकत होती?

गाडीच्या आतले तापमान तर बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्याचे ऊन आपल्या विदर्भासारखेच कडक. तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. उन्हाळ्यात तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांच्या आतली हवा सरासरी ४७ अंशांपर्यंत गेली. डॅशबोर्ड मात्र ६९ अंशांपर्यंत तापला. सावलीत उभ्या गाड्यांत हवा ३८ अंश आणि डॅशबोर्ड ४८ अंश निघाला. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. लिंबाच्या सावलीने डॅशबोर्डचे वीसेक अंश वाचतात. असे वीस अंश वाचवणारे कव्हर कोणत्याही दुकानात मिळत नाही. काच बोटभर खाली ठेवली की गाडी थंड राहते, हाही एक गोड गैरसमज आहे. अमेरिकेतच २००५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात उभ्या गाडीचे तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढले. त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती, आणि काच थोडी उघडी ठेवल्याने विशेष फरक पडला नाही. "फक्त पाच मिनिटांत आलो" म्हणून मोबाइल गाडीत सोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. आपली पाच मिनिटे बाजारात किती लांबतात ते आपल्याला ठाऊक आहे.

आता चाचांच्या टेंपोकडे वळू. त्यांचा मोबाइल ज्या जागी होता ती गाडीतली सर्वांत वाईट जागा. समोरच्या काचेतून ऊन थेट काळ्या पडद्यावर, खालून तापलेल्या डॅशबोर्डची झळ. मोबाइलला जाड रबरी कव्हर, म्हणजे उन्हाळ्यात घोंगडी पांघरल्यासारखे. नकाशा चालू, म्हणजे पडदा अखंड पेटलेला आणि लोकेशनचे काम सतत. खेड्यापाड्यांत टॉवर दूर, म्हणून मोबाइल नेटवर्क पकडायला जास्त जोर लावणार. मुलाने बाजूला बसून हॉटस्पॉट घेतलेला. आणि या सगळ्यावर चार्जिंग. चार्जिंग म्हणजे बॅटरीत वीज भरणे. भरताना थोडी वीज उष्णता बनून वाया जातेच. बिनतारी चार्जिंगच्या चकतीवर तर ती आणखी वाया जाते, म्हणून उन्हाळ्यात गाडीत ते प्रकरण नकोच. बाहेरची उष्णता, आतली उष्णता आणि बाहेर पडायला वाट नाही. नवी बॅटरी टाकून यात काय बदलणार होते? रस्ता तोच, ऊन तेच, कव्हर तेच.

चाचांची आणखी एक तक्रार होती की मोबाइल चार्जिंगला लावलेला असूनही टक्के उतरतात. याचे कारण नेहमी उष्णताच असते असे नाही. गाडीच्या टेपला जे जुन्या पद्धतीचे यूएसबी भोक असते ते मुळात पेनड्राइव्ह लावून गाणी ऐकण्यासाठी. त्यातून बहुधा अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅटच वीज मिळते. नकाशा, पूर्ण उजेडाचा पडदा आणि नेटवर्क मिळून खर्च याहून जास्त होऊ शकतो. नळातून धार बारीक आणि बुडाला भोक मोठे, मग बादली भरणार कशी? अशा वेळी सिगारेट लाइटरच्या बारा व्होल्टच्या जागेत चांगला चार्जर लावावा. ट्रकवाल्या बांधवांनी मात्र चार्जरवर २४ व्होल्ट लिहिले आहे की नाही ते आधी पाहावे, कारण ट्रकची लाइन चोवीसची असते आणि फक्त बाराचा चार्जर तिथे जळतो. केबलही पाहावी. फुटपाथवरच्या केबलमध्ये तांबे केसाएवढे असते. मोबाइलपर्यंत पोहोचण्याआधीच वीज वाटेत गळते आणि पिनेचे टोक चटका देते. टोक गरम लागले तर ती केबल फेकून द्यावी, टेप गुंडाळून चालवू नये.

इथे मला माझ्या खऱ्या मुद्द्यावर यायचे आहे, आणि तो दुरुस्ती करणाऱ्यांना थोडा कडू लागेल.

मोबाइल दुरुस्ती हा गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या मुलांनी मोठ्या प्रमाणात पत्करलेला हुन्नर आहे. बरीच मुले शाळा अर्धवट सोडून या कामात आली आणि भिंग लावून केसाएवढ्या टाक्यांचे काम शिकली. मला त्यांचा अभिमान वाटतो. पण एप्रिल-मे आला की काही दुकानांत बॅटऱ्यांचा सीझन सुरू होतो, हेही खरे आहे. गिऱ्हाईक घामाघूम होऊन येते, मोबाइल चार्ज होत नाही म्हणते, आणि दुकानदाराला ठाऊक असते की पंख्याखाली अर्धा तास ठेवला तर तो आपोआप सुरू होईल. तरी तो बॅटरी बदलतो. बदलेपर्यंत मोबाइल थंड होतो, चार्जिंग सुरू होते, गिऱ्हाईक खूश होऊन जाते. तराजूत बोट न लावताही मापात पाप होऊ शकते ते असे.

मी हे बोललो तेव्हा एका तरुण कारागिराने मला उत्तर दिले, "चाचा, आम्ही बदलली नाही तर तो शेजारच्या दुकानात बदलेल. गिऱ्हाईकच म्हणते बॅटरी टाका. आणि 'उन्हात ठेवू नका' असे सांगायचे मला कोण पैसे देणार?" त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. दुकानाचे भाडे आहे, महिन्याचे हप्ते आहेत, आणि सल्ला फुकट असतो अशी आपल्या लोकांची समजूत आहे. माझे म्हणणे असे की तपासणीचे पैसे घ्या. पन्नास घ्या, शंभर घ्या, पाटी लावून घ्या. डॉक्टर गोळी न देता फी घेतो ते आपण निमूट देतो. पण तपासणी म्हणजे तपासणी व्हावी. मोबाइल आधी सावलीत थंड करा. कव्हर काढा. गिऱ्हाईकाच्या चार्जरवर वीस मिनिटे आणि मग आपल्या चांगल्या चार्जरवर वीस मिनिटे लावून पाहा. पिनेतला कचरा साफ करा. आयफोन असेल तर बॅटरीची उरलेली ताकद सेटिंगमध्येच टक्क्यांत लिहिलेली असते, ती गिऱ्हाईकाला दाखवा. गाडीत कुठे ठेवतो, ते विचारा. एवढे करून बॅटरी खरोखर गेलेली निघाली तर छातीठोकपणे बदला.

आणि ती जाते, हेही खरे. जो मोबाइल तीन उन्हाळे डॅशबोर्डवर तापला, त्याची बॅटरी सावलीतही तग धरणार नाही. मागचे झाकण वर आले असेल, पडदा कडेने उचललेला दिसत असेल, तर मात्र घटकाभर थांबू नये. फुगलेल्या बॅटरीला चार्जिंग लावू नये, दाबून बसवू नये, टोचून हवा काढण्याचा शहाणपणा तर मुळीच करू नये. तिथे १,४०० रुपये वाचवणारा माणूस हात भाजून घेतो.

बदलताना काय बसवतो, यावर आणखी एक गोष्ट अवलंबून आहे. चार्जर, पॉवर बँक आणि लिथियम सेल या वस्तूंना भारतात मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणी लागते. २०१२ च्या आदेशापासून ही व्यवस्था सुरू झाली आणि पुढे एकेक वस्तू तिच्यात येत गेली. मालावर मानकाच्या खुणेबरोबर 'आर' अक्षराने सुरू होणारा नंबर असतो. बीआयएस केअर नावाचे सरकारी अ‍ॅप आहे, त्यात तो नंबर टाकला की कोणत्या कारखान्याच्या नावावर आहे ते दिसते. घाऊक बाजारातून गठ्ठ्याने माल उचलणाऱ्या आपल्या दुकानदारांनी निदान एका नगाचा नंबर टाकून पाहावा. त्याला मिनिट लागते. बिननंबरी पॉवर बँक दीडशेला विकून साठ रुपये सुटतात, हे मला ठाऊक आहे. पण ती पॉवर बँक कुणाच्या तरी टेंपोत, कापडाच्या गठ्ठ्यांवर, भर उन्हात चार्जिंगला लागलेली असते. चांगला सेल केवळ डॅशबोर्डच्या उष्णतेने पेट घेत नाही. पण आतून आधीच कच्च्या असलेल्या सेलला उष्णता आणि चार्जिंग एकदम मिळाले तर काय होईल याची हमी कोण देणार? आणि आग लागलीच तर आधी पेटणार तो सोलापूर, मालेगाव, भिवंडीहून आणलेला, बहुधा उधारीवर उचललेला माल.

ज्यांना रोज उन्हात गाडी चालवायची आहे त्यांच्यासाठी उपाय काही महागाचे नाहीत. होल्डर काचेवरून काढून एसीच्या जाळीसमोर लावावा. एसी नसेल तर स्टेअरिंगच्या खालच्या अंगाला, जिथे ऊन पोहोचत नाही तिथे. सकाळी घरून निघताना मोबाइल भरून घ्यावा आणि वाटेत ऐंशीवर पोहोचला की काढावा. रस्ता पाठ असेल तर नकाशा कशाला हवा? उन्हात उभे असताना कव्हर उतरवावे. तापलेला मोबाइल फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या पेटीत मात्र ठेवू नये. आत दव धरते आणि मग खरोखरच बोर्ड जातो. बंद करून सावलीत, हवेशीर जागी ठेवला की पुरे. ज्यांचा गल्ला मोबाइलवर आहे त्यांनी पैसे आल्याची आवाजी वर्दी देणारा डबा वेगळा ठेवावा, त्यात स्वतःचे सिम असते. तोही सावलीत, कारण त्याच्याही पोटात तीच बॅटरी आहे. आणि कागदी वही व पेन्सिल. हे सांगताना काही वाचक हसतील, पण पंचेचाळीस अंशांत पेन्सिल बंद पडल्याचे मी अजून ऐकलेले नाही.

चाचांनी आता होल्डर काढून टाकला आहे. मोबाइल टेंपोच्या सीटखाली, सुती पिशवीत असतो आणि बाजारात पोचल्यावर बाहेर येतो. बॅटरीवाल्याशी त्यांनी भांडण केले नाही, पण नातवाचा मोबाइल दाखवायला ते दुसऱ्या दुकानात गेले.

राहिले ते शेतकऱ्याचे १,३५० रुपये. ते पैसे चाचांनी गल्ल्यात मिसळू दिले नाहीत. एका पाकिटात घालून पाकिटावर पेन्सिलीने "लग्नवाले, तीन चादरी" असे लिहिले आणि पुढच्या बाजारी घेऊन गेले. तो आला नाही. त्याच्या पुढच्या बाजारीही आला नाही. तिसऱ्या बाजारी दुपारी तो समोरून जाताना दिसला, तेव्हा चाचा दुकान नातवावर टाकून पाकीट घेऊन त्याच्यामागे धावले. त्याने पैसे मोजले, आणि परत फिरून आणखी एक सतरंजी घेतली. या वेळी त्याने मोबाइल काढलाच नाही, रोख दिले.